अत्तराला तीन तास द्या

तरावीहची नमाज सुटली की ठाण्यात राबोडीत, मुंब्रा-कौशात आणि कल्याणच्या दूधनाक्यावर रस्ता पुन्हा जागा होतो. खजूर, शेवया, टोप्या, बांगड्या, लहान मुलांचे झगे. या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एक अरुंद टेबल असतं आणि त्यावर काचेच्या बाटल्यांची रांग. विक्रेता बूच काढतो, काडी गिऱ्हाइकाच्या हाताच्या पाठीवर फिरवतो. गिऱ्हाईक हात नाकाशी नेतं, मान डोलावतं, भाव करतं आणि तीन मिलीची कुपी खिशात टाकून पुढे सरकतं. सगळा व्यवहार दोन मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी तेच अत्तर लावल्यावर तासाभरात डोकं जड होतं, किंवा वास कुठल्या कुठे उडून जातो, आणि मग ‘फसवलं’ असं म्हणत दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. कधीकधी फसवलेलं असतंही. पण बऱ्याचदा चूक त्या दोन मिनिटांची असते. अत्तर ही वाट पाहून घ्यायची वस्तू आहे आणि रमजानचा बाजार नेमका घाईचा.

अत्तराचा वास एकच नसतो, तो लावल्यापासून बदलत जातो. यात जादू काही नाही. अत्तरात अनेक घटक असतात. जे हलके ते अंगाच्या उबेने आधी उडतात, जे जड ते मागे राहतात. कल्याणला धीम्या लोकलमध्ये चढताना मनगटावर लिंबू-संत्र्याच्या अंगाचं काहीतरी लावलं, तर डोंबिवलीपर्यंत ते ताजं असतं, दिव्याला मंदावतं आणि ठाणं येईपर्यंत त्यातलं लिंबू शोधावं लागतं. गुलाब, मोगरा, केवडा ही फुलं त्याच गाडीने पुढे दादरपर्यंत आणि तिथून परतीच्या वाटेलाही साथ देतात. चंदन, खस, ऊद, मस्क हे मात्र संध्याकाळी घरी येऊन सदरा काढताना पुन्हा भेटतात. म्हणजे कुपीच्या तोंडाशी नाक नेणारा माणूस फक्त कल्याण-डोंबिवलीचा प्रवास बघून अख्ख्या प्रवासाचं तिकीट काढत असतो.

स्प्रेच्या बाटलीतलं परफ्यूम आणि अत्तर यांतला फरकही इथेच आहे. स्प्रेमध्ये मोठा वाटा अल्कोहोलचा असतो. ते क्षणात उडतं आणि उडताना वास खोलीभर फेकतं. अत्तर तेलात असतं. ते हळू उघडतं आणि अंगाच्या जवळ राहतं. चांगलं अत्तर शेजारी बसलेल्याला कळावं, डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला नाही. लोकलच्या डब्यात ज्या ‘अत्तराच्या वासाने’ लोक नाक मुरडतात, तो बहुतेक वेळा स्वस्त, कडक रसायनांच्या मिश्रणाचा आणि त्याहून जास्त म्हणजे ते चौपट लावण्याचा दोष असतो. तो दोष मग एका समाजाच्या नावावर जमा होतो.

खरं तर अत्तर या भागातल्या कुठल्याच घराला परकं नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत डोंबिवलीत घरोघरी हळदीकुंकू होतं, तेव्हा हाताच्या पाठीवर अत्तर लावलं जातं आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं जातं. लग्नात वऱ्हाड्यांचं स्वागत अत्तर-गुलाबाने करायची रीत अजून अनेक घरांत टिकून आहे. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून फडके रोडवर जमणाऱ्या गर्दीला उटण्याचा, अत्तराचा आणि नव्या कपड्यांचा जो एकत्र वास येतो, तो ईदच्या सकाळी कल्याणच्या कुठल्याही गल्लीत येणाऱ्या वासाचा सख्खा भाऊ शोभेल. जुन्या पिढीतले लोक कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचत. तो पाहून माणूस कोणत्या धर्माचा हे ओळखता येत नसे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या दरवाजाचं दान देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, तो धेनुकाकटचा सिंहदत्त ‘गांधिक’ होता, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. या डोंगर-खाडीच्या मुलखात हा धंदा दोन हजार वर्षं जुना आहे.

आता एकेक अत्तर अंगावर कसं वागतं ते पाहण्यासारखं आहे.

गुलाबापासून सुरुवात करावी, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला पारंपरिक अत्तर देग-भपक्याने काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकण चिकणमातीने लिंपलेलं, तिथून बांबूची नळी निघते आणि पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात जाते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलांची वाफ त्या तेलात उतरते आणि तेल ती धरून ठेवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुलं, पुन्हा आच. तेल फुलांनी भरेपर्यंत हे चालतं. त्यामुळे खऱ्या गुलाबाच्या अत्तराला दोन आयुष्यं असतात. पहिला तासभर पाकळी, थोडी मधासारखी, थोडी मिरपुडीसारखी. मग हळूहळू खालून चंदन वर येतं, दुधाळ, मऊ, आणि गुलाब त्यात विरघळून जातो. चंदन घातलेलं नसेल, नुसतं फुलाचंच तेल असेल, तर त्याला ‘रूह’ म्हणतात. रूह गुलाब आणि गुलाबाचं अत्तर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि भावही तसेच वेगळे.

चंदन महागलं तसं अनेकांनी भपक्यातलं चंदन काढून पॅराफिन किंवा तसलंच बिनवासाचं तेल घालायला सुरुवात केली. बूच उघडताना हा बदल चटकन कळत नाही, कारण त्या क्षणी बोलतो तो गुलाब. तीन तासांनी कळतो. गुलाब गेला की खाली काहीच नसतं, हाताला नुसता तेलकटपणा उरतो. दोन मिनिटांच्या खरेदीत हेच सगळ्यात महागात पडतं: ज्याचे पैसे घेतले जातात तो भाग गिऱ्हाईक हुंगतच नाही.

मोगऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात येतात, त्यांचा गजरा हातात घेतल्यावर जो वास येतो तसाच वास मोतियाच्या अत्तराकडून अपेक्षित असतो. पण मोगऱ्याच्या पोटात इंडोल नावाचा घटक असतो. तो एकटा हुंगला तर किळस यावी असा आणि फुलात मिसळला तर मादक. उकाड्यात, घामेजल्या अंगावर हाच भाग फुगतो. म्हणून मोगरा एखाद्याच्या अंगावर गजऱ्यासारखा राहतो तर दुसऱ्याच्या अंगावर शिळ्या हारासारखा होतो. मित्राच्या मनगटावर आवडलेलं अत्तर स्वतःच्या मनगटावर आवडेलच असं नाही. कोरड्या कातडीवरून अत्तर लवकर उडतं, तेलकट कातडीवर जास्त वेळ धरून राहतं.

खस त्या मानाने प्रामाणिक. पहिल्या मिनिटाला ओल्या मुळांचा, माठाखालच्या वाळूचा वास येतो आणि चार तासांनीही तो थोडा गोड, थोडा धुरकट होऊन तिथेच असतो. उन्हाळ्यातल्या रोज्यात इफ्तारनंतर खस लावावा. खसाची रूह तांब्याच्या भांड्यात उतरताना हिरवट होते, म्हणून हिरवा रंग पाहून लोक भुलतात. पण हिरवा रंग बाटलीत वेगळा घालायला काही कष्ट पडत नाहीत.

मिट्टीच्या अत्तराबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. भाजलेल्या मातीची वाफ चंदनाच्या तेलात उतरवून ते काढतात. पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं. आपल्या लेखात त्यांना कन्नौजच्या या अत्तराची आठवण काढावी लागली, कारण हिंदुस्थानात तो वास आधीच कुपीत भरला गेला होता. मिट्टी अंगावर फार काळ ‘पाऊस’ राहत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत माती सुकते आणि मग उरतं ते चंदन. पण ती वीस मिनिटं येऊरच्या पायथ्याशी जूनमध्ये उभं राहिल्यासारखी असतात, आणि ज्याला तेवढ्यासाठी पैसे खर्च करायचे आहेत त्याने खुशाल करावेत.

हिना आणि शमामा हे थंडीचे. मेंदीची फुलं, मसाले, मुळं, शेवाळ अशा अनेक जिनसांचं ते मिश्रण. लावल्यावर पहिला अर्धा तास आयुर्वेदिक काढ्याची आठवण होते आणि नव्या पिढीची मुलं तोंड वाकडं करतात. ते थांबत नाहीत म्हणून त्यांना पुढचं कळत नाही. दोन तासांनी तोच शमामा केशर, लाकूड आणि उबदार शालीसारखा होतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१८ ची ईद जूनच्या मध्यावर होती, २०२५ ची मार्चअखेरीस झाली, आणि २०३० पर्यंत ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. खाडीकाठच्या जूनमधल्या दमट हवेत जे हिनाचं अत्तर गळा दाबल्यासारखं वाटायचं, ते पुढच्या काही ईदांना शोभून दिसेल. घरात आजोबांची अर्धी कुपी पडून असेल तर ती फेकू नये.

उदाची गोष्ट याच्याही पुढची. आसामातल्या अगरूच्या झाडाला बुरशीची लागण झाली की झाड स्वतःच्या बचावासाठी काळी राळ तयार करतं. त्या राळेने भरलेल्या लाकडाचं तेल म्हणजे ऊद. हे झाड जंगलातून इतकं तोडलं गेलं की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. असं अस्सल आसामी ऊद अंगाला लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं गोठ्याचा, भिजलेल्या चामड्याचा वास येतो. खोटं नाही. ज्याला माहीत नाही तो हात धुवायला पळतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो वास बसतो आणि खालून गोड, कडवट, जुन्या लाकडाच्या पेटीसारखा गंध वर येतो, जो दुसऱ्या दिवशीही बाहीला असतो. टेबलावर मिळणारं स्वस्तातलं ‘ऊद’ मात्र पहिल्या क्षणापासूनच गोड आणि गुळगुळीत असतं, कारण ते दोन मिनिटांच्या परीक्षेसाठीच बनवलेलं असतं.

इथे हिशेब साधा आहे. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण ३ ते ५ हजार किलो पाकळ्या लागतात. चंदनाचं झाड कसदार गाभा धरायला वर्षानुवर्षं घेतं. मग शंभर रुपयांच्या कुपीवर ‘असली गुलाब’, ‘असली संदल’ कसं लिहिता येईल? आणि ‘असली कस्तुरी’ तर लिहूच नये. कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याची कस्तुरी विकणं गुन्हा आहे. टेबलावरची कस्तुरी खरी असेल तर विक्रेता गुन्हेगार ठरतो आणि खोटी असेल तर खोटारडा.

कृत्रिम असणं हा मात्र गुन्हा नाही, आणि याबाबतीत ठाणेकरांनी नाक वर करण्याचं कारण नाही. सुगंधी द्रव्यांचा मराठी माणसाने उभा केलेला मोठा कारखाना शेजारच्या मुलुंडमध्येच वाढला. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून या धंद्यात आहे. साबण, उदबत्ती, पावडर, तेल यांतले कितीतरी वास अशा प्रयोगशाळांत तयार होतात. कृत्रिम मस्कची सुरुवात १८८८ मध्ये अल्बर्ट बाउर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्फोटकांवर प्रयोग करताना अपघाताने केली. आज ईदला सर्वांत जास्त खपणाऱ्या अत्तरांत ‘व्हाइट मस्क’ मोडतं, आणि त्याचा तो धुतलेल्या कपड्यासारखा स्वच्छ वास अशाच रसायनांतून येतो. टोनालिड हे त्यातलं एक नामांकित रसायन. ते बनवणारी नेदरलँड्समधली कंपनी केळकरांनीच विकत घेतली. व्हाइट मस्क लावावं, जरूर लावावं. त्याची एक गंमत मात्र लक्षात ठेवावी: मस्कचे रेणू मोठे असतात आणि काही माणसांना त्यातले काही मुळीच कळत नाहीत. असा माणूस ‘वासच येत नाही’ म्हणून आणखी दोन काड्या फिरवतो आणि मशिदीत शेजारच्याला ठसका लागतो.

‘टिकतं म्हणजे असली’ हा समजही सोडून द्यायला हवा. कृत्रिम मस्क धुतलेल्या सदऱ्यातही राहतं. खरा गुलाब दुपारपर्यंत जातो. टिकाऊपणा हा गुण आहे, शुद्धतेचा दाखला नाही.

‘अल्कोहोल फ्री’ या शिक्क्याबद्दलही थोडं. नशा आणणारं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल, आणि ते अत्तरात नको असा ज्यांचा आग्रह आहे त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. स्प्रे वापरण्याबद्दल उलेमांमध्येही मतं दोन आहेत, त्यात पडण्याचं हे ठिकाण नव्हे. पण रसायनशास्त्राच्या भाषेत गुलाबातलं जेरॅनिऑल, मोगऱ्यातलं लिनॅलूल आणि चंदनातलं सँटॅलॉल ही सगळी अल्कोहोलंच आहेत. त्यांना काढलं तर बाटलीत वास उरणार नाही. शिक्क्याने इथेनॉल नाही एवढंच कळतं. माल चांगला की वाईट, तेल चंदनाचं की पॅराफिनचं, हे कळत नाही. विक्रेत्यांनी खरा शिक्का मारायचा असेल तर तो हा मारावा: भपक्यातलं आहे की मिश्रण, आणि आधाराला कोणतं तेल आहे. भाव त्यानुसार लावावा. शंभराची कुपी शंभराची म्हणून विकण्यात कसलीच लाज नाही. ज्याला परवडत नाही त्यालाही ईदच्या दिवशी सुगंध लावायचा हक्क आहे. लाज आहे ती रोजा धरून खोटं बोलून विकण्यात.

हे बोलणं काहींना कडक वाटेल. पण पैगंबरसाहेबांना सुगंध प्रिय होता, कोणी सुगंध भेट दिला तर ते नाकारत नसत, जुम्याला आणि ईदला न्हाऊन सुगंध लावून निघावं असं शिकवलं गेलं, हे सांगत सांगत माल विकला जातो, तेव्हा मापात आणि बोलण्यात सचोटीची शिकवण त्याच तोंडाने सांगितलेली बरी. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असंही हदीसमध्ये आहे. शेजारच्या नमाज्याच्या नाकाची ती काळजी आहे. ओतून लावलेलं अत्तर या काळजीत बसत नाही. आपला वास आपल्याला काही मिनिटांतच कळेनासा होतो, नाक त्याला सरावतं. एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्या डोंबिवलीकराला हे वेगळं सांगायला नको. पाहुणा रिक्षातून उतरताच नाकाला रुमाल लावतो आणि घरचे विचारतात, कसला वास? म्हणून स्वतःला वास येईना म्हणजे अत्तर संपलं असं नसतं. घरातल्या दुसऱ्याला विचारावं.

खरेदीला रमजानच्या शेवटच्या चार रात्रींची वाट पाहू नये, हे तर आलंच. आणि इफ्तारच्या आधी जाऊ नये. उपाशी पोटी शेजारच्या कढईतल्या भज्यांपुढे कुठलाही गुलाब हरतो. सगळ्यात सोयीची वेळ इशाच्या आधीची आहे. वजू करून झालं की टेबलापाशी जावं आणि एका मनगटावर एक, दुसऱ्यावर एक, अशी दोनच अत्तरं लावून घ्यावीत. तिसऱ्यापासून नाक गोंधळतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा विशेष उपयोग नसतो. स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगली तरी तेच काम होतं. मनगटं एकमेकांवर घासू नयेत, त्याने वरचा हलका भाग लवकर उडतो. मग इशा आणि तरावीह पढावी. दीड-दोन तास हाताला पाणी लागत नाही. सलाम फिरवून बाहेर आल्यावर पहिल्यांदा हुंगावं, घरी चहा झाल्यावर पुन्हा, आणि सहरीला उठल्यावर वजू करण्याआधी शेवटचं. जे तेव्हाही आवडलं ते दुसऱ्या रात्री घ्यावं. जो विक्रेता ‘उद्या या’ म्हटल्यावर चिडत नाही, त्याच्याकडूनच घ्यावं. शेजारच्या हिंदू मित्रालाही हीच रीत चालेल, त्याला वजूऐवजी संध्याकाळची अंघोळ पुरते.

ईदच्या सकाळी लावताना वजूत धुतला जाणारा हात टाळावा. कानामागे आणि मानेवर एकेक काडी बस. कपड्याला लावायचंच असेल तर पांढऱ्या सदऱ्यावर थेट लावू नये, चंदनाचं तेल पिवळा डाग धरतं आणि तो सहजी जात नाही. कापसाचा फाया करावा, खिशात ठेवावा, आणि सदरा धुवायला टाकण्यापूर्वी आठवणीने काढावा.